कळसाकडं तोंड करून

आमच्या वावराच्या नाल्याकडच्या कोपऱ्यावरचा गोटा दोन वर्षांपूर्वी दिसेनासा झाला. गोटा म्हणजे हद्दीचा दगड. नाला खोल करायचं काम निघालं होतं. जेसीबीनं उपसलेली माती काठावर टाकली, मग ती पसरवली, आणि पावसाळ्यात तिच्यावर पुरुषभर तरोटा वाढला. गोट्याची आठवण झाली ती पुढच्या उन्हाळ्यात, वखर फिरायच्या वेळेला.

शेजारच्या काकांचं वावर आणि आमचं वावर यांच्या मधात एकच धुरा, म्हणजे बांध, आहे. रस्त्याकडच्या गोट्यापासून नाल्याकडच्या गोट्यापर्यंत, 200 मीटरच्या आसपास. रस्त्याकडचा गोटा अजून शाबूत आहे. पण एका टोकाची खूण गेली की धुरा म्हणजे एका बाजूनं सुटलेला दोर, वारा येईल तसा झुलतो. काकांच्या सालदारानं नजरेच्या अंदाजानं वखर घातला आणि बाबांच्या म्हणण्याप्रमाणं नाल्याजवळ तो पऱ्हाटीची दोन तासं, म्हणजे कपाशीच्या दोन ओळी, आमच्यात आला. एक तास 90 सेंटिमीटरचं धरलं तर दोन तासांचे 1.8 मीटर. रस्त्याकडं शून्य आणि नाल्याकडं 1.8 मीटर, अशी ती 200 मीटर लांबीची पाचर. क्षेत्र 180 चौरस मीटर, म्हणजे पावणेदोन गुंठे. ज्याला शेती नाही त्याला हा आकडा किरकोळ वाटेल. ज्या दोन म्हाताऱ्यांनी एकाच बैलजोडीवर दोन हंगाम काढलेत, ते या पावणेदोन गुंठ्यांपायी वर्षभर एकमेकांशी बोलले नाहीत. पांदणीत समोरासमोर आले की एक जण बंडी बाजूला घ्यायचा, मान दुसरीकडं वळवायचा. मला ते बघवत नसे.

मी हायस्कुलात गणित शिकवते. दहावीच्या गणित भाग 2 मध्ये पाचवा धडा निर्देशक भूमितीचा आणि सहावा त्रिकोणमितीचा. दोघांची भिंत एक, पण दार नाही. पाचव्यात बिंदूचे निर्देशक आधीच दिलेले असतात, ते कुठून आले हे कुणी विचारत नाही. सहाव्यात शिडी भिंतीला टेकवलेली असते, पतंगाची दोरी ताणलेली असते, कोन 30, 45 किंवा 60 अंशांचा असतो आणि शेवटी उंची काढून गणित संपतं. पतंग कुठल्या दिशेला उडत होता हे उत्तरात कधी येत नाही. मी वीस वर्षं हे दोन धडे पाठोपाठ शिकवले आहेत. त्यांच्या मधली भिंत मला पाडता आली ती वावरात, खुंट्या आणि सुतळी घेऊन.

त्याचं कारण एक जुनी वही. 1996 साली मी दहावीत असताना आमच्या सरांनी प्रत्येकाला आपापल्या वावराचा एक कोपरा मोजून आणायला सांगितला होता. मी नाल्याकडचा गोटा घेतला. वही आईनं जपून ठेवलेल्या ट्रंकेत, रेशनकार्डाच्या जुन्या प्रतीखाली सापडली. निळ्या शाईत लिहिलंय: "विहिरीपासून गोटा 86 मीटर. निंबाकडे तोंड केले असता उजव्या हाताला 34 अंश." खाली सरांच्या लाल शाईत दोन ओळी. पहिली: "विहिरीपासून म्हणजे नेमके कुठून?" दुसरी: "पडताळा म्हणून आणखी एका खुणेचा कोन घ्या."

पहिल्या प्रश्नाचा मला तेव्हा राग आला होता, कारण पुन्हा वावरात जावं लागलं. आता कळतं, सर किती बरोबर होते. आमच्या विहिरीचं तोंड साडेचार मीटर रुंद आहे. विहिरीच्या कुठल्या काठावर उभं राहायचं हे सांगितलं नाही तर 86 या आकड्याला काही अर्थच उरत नाही. दुरुस्ती करून मी लिहिलं होतं, "मोटरच्या ओट्यातील पूर्वेकडच्या बोल्टपासून." तो बोल्ट आजही आहे. मोटर गेली, पाण्यात बुडवायचा पंप आला, पण सिमेंटचा ओटा आणि त्यातला गंजलेला बोल्ट तिथंच आहेत.

निंब मात्र नाही. तीन वर्षांपूर्वीच्या वादळात तो उन्मळून पडला, खोड विकलं, बुंध्याच्या जागेवरून वखर फिरला. बोल्ट हातात, 86 हातात, 34 हातात, पण 34 अंश कशापासून, ते उत्तर देणारं झाड चुलीत गेलेलं. गोटा त्या बोल्टभोवतीच्या 86 मीटरच्या वर्तुळावर कुठंतरी आहे, एवढंच मला ठाऊक होतं. त्या वर्तुळाचा घेर 540 मीटर भरतो.

कामाला आला तो सरांचा दुसरा शेरा. पडताळ्यासाठी मी महादेवाच्या देवळाचा कळस घेतला होता: "निंबाकडे तोंड केले असता कळस डाव्या हाताला 71 अंश." मी अंगणात वही घेऊन बसले होते, आणि हे वाचून उठून उभी राहिले. निंबाच्या डावीकडं 71 अंशांवर कळस, उजवीकडं 34 अंशांवर गोटा. म्हणजे कळसाकडं तोंड केलं तर गोटा उजव्या हाताला 71 अधिक 34, एकूण 105 अंशांवर. बेरीज केली आणि निंब मधून निघून गेला. तो जाडजूड होता, दीड फुटाचं खोड, बोल्टपासून 40 मीटरवर. इतक्या जवळच्या झाडाच्या खोडाचा डावा काठ धरला की उजवा, यानंच अर्ध्या अंशाहून जास्त फरक पडतो. पण दोन्ही कोन एकाच खुंटीपासून घेतले असतील तर ती चूक एकात मिळते आणि दुसऱ्यात वजा होते. कळस 700 मीटर दूर आहे. मधल्या काळात देवळाला रंग दिला, कळस नवा बसवला. तो वीतभर सरकला असेल असं धरलं तरी 700 मीटरवर तो फरक अंशाच्या पन्नासाव्या हिश्शाएवढा. दिशेची खूण दूरची असावी हे तेव्हापासून मी मुलांना सांगते.

आता कोन मोजायचा कसा? मोबाइलमधलं होकायंत्र मी काढून पाहिलं. पंपाच्या लोखंडी पाइपजवळ काटा एक सांगतो, चार पावलं सरकलं की दुसरं. मोबाइलचा जीपीएस मोकळ्या आकाशाखालीसुद्धा चार-पाच मीटर इकडंतिकडं दाखवतो, आणि इथं भांडण होतं 1.8 मीटरचं. शाळेतला फळ्यावरचा लाकडी कोनमापक नेला तर तो एका अंशापर्यंत वाचता येतो. 86 मीटरवर एक अंश म्हणजे दीड मीटर, जवळजवळ दोन तासं. लांबीच्या चुका मात्र किती लहान असतात ते बघा. 30 मीटरचा पोलादी टेप 20 अंश तापमानावरून आपल्या मे महिन्याच्या 45 अंशांपर्यंत तापला तर जेमतेम 8-9 मिलिमीटर वाढतो. वावरात लांबी इमानी असते, दगा देतो तो कोन.

म्हणूनच कोन आणि अंतर यांचे निर्देशक करून घ्यायचे. पुस्तकात हे रूपांतर परीक्षेसाठी असतं, वावरात ते गरजेचं असतं. निर्देशक मिळाले की कोनमापक लागत नाही, लागतात दोन सरळ रेषा आणि एक काटकोन. आणि काटकोन आमच्या घरात सगळ्यांना येतो. कपाशी चौफुलीवर लावायची तर आडवी-उभी दोन्ही तासं एकमेकांना काटकोनात पाहिजेत, नाहीतर डवरा आडवा चालत नाही. बाबांनी आयुष्यभर गाठी मारलेला दोर ताणून तासं आखली आहेत. त्यांना पायथागोरस माहीत नाही, पण तीन हात, चार हात आणि पाच हात यांचा त्रिकोण त्यांच्या बोटांत आहे.

हिशेब असा. बोल्ट हा आरंभबिंदू. कळसाकडची रेषा हा एक अक्ष, पुढं गेलं तर धन आणि मागं गेलं तर ऋण. उजव्या हाताला काटकोनात दुसरा अक्ष. कोन 105 अंश, अंतर 86 मीटर. कळसाच्या दिशेनं किती, तर 86 गुणिले कोसाइन 105. आडवं किती, तर 86 गुणिले साइन 105.

वावरातच, उन्हातच मी मोबाइल काढून हे केलं. उत्तर आलं: कळसाच्या दिशेनं उणे 20.72, आडवं उणे 83.47. म्हणजे 20 मीटर 72 सेंटिमीटर मागं आणि 83 मीटर 47 सेंटिमीटर डावीकडं. मी त्याप्रमाणं सुतळी धरून निघाले. बाबा ओट्यावर बसून बघत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "बाई, तिकडं तं आपला गोठा हाय."

मी थांबले. गोटा उजव्या हाताला, आणि मी डावीकडं निघालेली. मोबाइलचं गणकयंत्र अंशांऐवजी रेडियनवर, कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर, होतं. त्यानं 105 अंशांचं नाही, 105 रेडियनचं उत्तर दिलं होतं. एरवी अशी चूक लगेच कळते, कारण उत्तर भलतंच येतं. इथं ती फसवी होती. 105 रेडियन म्हणजे वर्तुळाचे जवळपास 17 फेरे, त्यातून 1.814 रेडियन कमी. 1.814 रेडियनचे अंश 103.9 होतात. म्हणजे यंत्रानं मला खऱ्या उत्तराची आरशातली प्रतिमा दिली होती. अंतरं जवळजवळ तीच, फक्त उजव्याचं डावं झालेलं. कागदावर मी ती चूक पकडली असती असं मला वाटत नाही. बाबांनी पकडली, कारण त्यांच्या डोक्यात आकडे नव्हते, जागा होती. त्या दिवसापासून वर्गात गणित सुरू करण्याआधी मी फळ्यावर नुसतं चित्र काढायला लावते. बिंदू कुठल्या बाजूला असायला हवा ते आधी बोटानं दाखवा, मग आकडा.

खरं उत्तर: कोसाइन 105 म्हणजे उणे 0.2588, साइन 105 म्हणजे 0.9659. कळसाच्या दिशेनं उणे 22.26 मीटर, आडवं 83.07 मीटर. ऋण चिन्हाचा अर्थ मी मुलांना संख्यारेषेवर डावीकडं जाऊन समजावत आले. बोल्टजवळ उभं राहिल्यावर तो पायांना समजला. तोंड कळसाकडंच ठेवायचं आणि पाठीमागं चालायचं.

पण एकटीनं हे करून उपयोग नव्हता. दोर धरायला दुसरं माणूस लागतं, आणि ते माणूस कोण असावं हे वहीनंच सांगितलं होतं. पानाच्या तळाशी "दोर धरणारे" असं लिहून दोन नावं होती. एक माझं, दुसरं काकांच्या थोरल्या मुलाचं. तो माझ्याच वर्गात होता, आता पुण्याला असतो. मी वही घेऊन काकांच्या ओसरीवर गेले. काकूंनी चहा टाकला. काकांनी चष्मा लावून मुलाचं नाव दोनदा वाचलं, पान उलटून मागंही पाहिलं. मग म्हणाले, "सकाळी येतो. ऊन व्हायच्या आत."

दिवस कासराभर वर यायच्या आत आम्ही वावरात होतो. कासराभर हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले आणि त्याच्याकडं कधी नीट पाहिलं नव्हतं. सूर्य क्षितिजापासून किती वर आला हा खरं तर कोन आहे, आणि आमची भाषा तो बैलाच्या दोरानं मोजते. वहीतले कोनही दोरानंच मोजलेले होते. सरांनी आम्हाला कोनमापक वापरू दिला नव्हता. बोल्टपासून निंबाच्या दिशेला 10 मीटरवर एक खुंटी, गोट्याच्या दिशेला 10 मीटरवर दुसरी, आणि त्या दोन खुंट्यांमधलं अंतर टेपनं. वहीत ते अंतर 5 मीटर 85 सेंटिमीटर आहे. कळसाच्या बाजूचं 11 मीटर 61. निम्मं करायचं, 10 नं भागायचं, ज्याचा साइन तेवढा तो कोन शोधून दुप्पट करायचा. 5.85 पासून 17 अंशांची दुप्पट 34, आणि 11.61 पासून साडेपस्तीसची दुप्पट 71.

दोन खुंट्यांमधल्या त्या ताणलेल्या सुतळीचं नाव पुस्तकात जीवा आहे. जीवा काय आणि ज्या काय, दोन्हींचा अर्थ धनुष्याची दोरी. इसवी सन 499 मध्ये आर्यभटानं 3438 त्रिज्येच्या वर्तुळासाठी 24 अर्धज्या, म्हणजे निम्म्या जीवा, दिल्या, पावणेचार-पावणेचार अंशांच्या अंतरानं. त्यानं त्यांच्यातले फरक श्लोकात बसवले: 225, 224, 222, 219, असे उतरत जाणारे. 3438 हा आकडा विचित्र वाटतो, पण वर्तुळाच्या 21600 कला, म्हणजे अंशाचे साठावे भाग, 2 पायनं भागून पाहा, तोच येतो. पुढं जीवा हा शब्द अरबीत गेला, तिथं तो लिहिताना स्वर गळाले आणि वाचताना त्याचा जैब झाला. जैब म्हणजे पोशाखाची घडी, छातीजवळचा खोलगट भाग. लॅटिनमध्ये त्याचा शब्दशः सायनस झाला, आणि तिथून तो साइन होऊन आमच्या वहीत परत आला. धनुष्याची दोरी इतक्या हातांतून जाऊन आमच्या वावरात पुन्हा सुतळी झाली, याचं मला त्या सकाळी फार अप्रूप वाटलं. अजूनही वाटतं.

कळस साडेआठपर्यंतच नीट दिसतो, नंतर झळा सुरू होतात आणि तो पाण्यात पाहिल्यासारखा हलतो. म्हणून आधी कळसाची रेषा पक्की केली. बोल्टवर ओळंबा, 20 मीटर पुढं काका काठी घेऊन उभे. मी बोल्टमागून एक डोळा मिटून पाहत होते, हातानं खुणावत होते, काका काठी बोटभर इकडं, बोटभर तिकडं करत होते. काठी कळसाच्या बरोबर खाली आली तेव्हा खुंटी ठोकली. मग त्याच रेषेत मागं 22 मीटर 26. तिथं बाबांनी सहा, आठ आणि दहा मीटरच्या दोरांनी काटकोन धरला. ते दोघं बोलत नव्हते, पण दोर बोलतो. एका टोकाला ओढ लागली की दुसऱ्या टोकाला कळते. "ढिल दे" आणि "बस" हे दोन शब्द त्यांनी त्या सकाळी एकमेकांना किती वेळा म्हटले ते मी मोजलं नाही. आडवी रेषा 83 मीटर 7 सेंटिमीटर. तिच्या टोकाला, पसरलेल्या मातीवर, शेवटची खुंटी.

मग मी खुंटीभोवती दीड मीटरचं वर्तुळ आखलं. बाबांनी विचारलं, हे कशाला. मी त्यांना सांगितलं की सुतळी थोडी ताणते, खुंटी थोडी कलते, सोळा वर्षांच्या पोरांनी मोजलेलं आहे. जीवेत पाच सेंटिमीटरची चूक असेल तर इथं अर्धा मीटर फरक पडेल, आणि चुका दोन-तीन असू शकतात. शिवाय आमचं काळं रान. पावसात फुगतं, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यात गाडलेला दगडसुद्धा वर्षानुवर्षं जागच्या जागी हलत असतो. मला असं ठाम वाटतं की आकड्याशेजारी त्याची चूक किती असू शकते हे सांगितलं नाही तर तो आकडा भांडण मिटवत नाही, नवं लावतो.

खोदायला काकांचा सालदार आणि मी. वर्तुळात हातभर खाली काहीच लागलं नाही. मग वर्तुळाच्या थोडं बाहेर, आमच्या बाजूला, पहारीचा आवाज बदलला. माती सारली तर गोटाच. खुंटीपासून दोन मीटर, आमच्या वावरात. बाबांचा चेहरा पडला. गोटा जिथं निघाला तीच हद्द धरायची तर काकांचा वखर आमच्यात आलाच नव्हता, उलट आम्हीच त्यांच्याकडं सरकलो होतो. मी वहीकडं पाहिलं, गोट्याकडं पाहिलं. माझे आकडे इतके कसे चुकतील ते मला कळेना.

काका खड्ड्यात उतरले, गुडघे टेकून त्यांनी गोट्यावरची माती हातानं पुसली. मग म्हणाले, "भाऊ, हा आडवा हाय. उभा गाडलेला गोटा आडवा कसा राहीन? याले मशीननं ओढत आणलं."

वर्षभरात काकांनी बाबांना "भाऊ" म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आणि म्हटलं ते आपल्या नफ्याची गोष्ट सोडून देताना.

आम्ही पुन्हा खुंटीकडं खोदत गेलो, आता आणखी खोल. वरची माती नाल्याची होती, बारीक रेती आणि शंख मिसळलेली. तिच्याखाली आमची जुनी काळी. त्या काळ्या मातीत, खुंटीपासून 70 सेंटिमीटरवर, एक गोल डाग निघाला. मुठीएवढे दगड गच्च बसवलेले, मधे पोकळी, आणि पोकळीत वरून घसरलेली नाल्याची रेती. गोटा उभा करताना बुडाशी चेंगरायला घालतात तसे ते दगड होते. काकांनी पोकळीत हात घातला, कोपरापर्यंत गेला. बाबांनीही घातला. दोघांनी सालदाराला गोटा उचलून आणायला लावला आणि त्याचं बूड त्या पोकळीवर धरून पाहिलं. बसलं. गाडला मात्र नाही, तो बाजूला ठेवला.

तिथून रस्त्याकडच्या गोट्यापर्यंत सुतळी ताणली तेव्हा दिसलं की काकांचा वखर नाल्याजवळ एक तास आणि वर थोडा आमच्यात आला होता. दोन तासं आला नव्हता. बाबा म्हणाले, "दीड असन." काका म्हणाले, "असन." मी टेप लावून नेमकं मोजायला निघाले होते, पण लावला नाही.

गोटा गाडला नाही याचं कारण सरळ आहे. हद्द ठरवायचा अधिकार भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीला आहे. माझ्या वहीला, सुतळीला आणि त्या पोकळीला कायद्यात किंमत नाही, आणि नसावीही. उद्या प्रत्येक गणिताचा मास्तर धुरे सरकवायला लागला तर काय होईल. म्हणून आठवड्याभरानं मी, बाबा आणि काका मोजणीचा अर्ज द्यायला बसनं हिंगणघाटला निघालो. अर्जात लगतच्या कब्जेदारांची नावं लागतात, काकांनी सही घरूनच करून आणली होती. आता मोजणीला रोव्हर आणतात. उपग्रहांवरून तो काही सेंटिमीटरपर्यंत जागा सांगतो, झाड, कळस काही लागत नाही. बाबांना ते पटत नव्हतं. आकाशातून मोजायचं तरी कुठूनतरी मोजावं लागेल की नाही, असा त्यांचा प्रश्न. तो प्रश्न योग्यच आहे. उपग्रह सांगतो त्यात सुधारणा करायला जमिनीवर पक्की बसवलेली केंद्रं लागतात, ज्यांचे निर्देशक आधीपासून ठाऊक असतात. रोव्हर त्यांच्याकडं कान लावून असतो.

वणा नदीचा पूल यायच्या आधी मी त्यांना हिंदुस्थान मोजायला निघालेल्या लॅम्टनची गोष्ट सांगितली. हिंगणघाटला त्याची कबर आहे, हे त्या दोघांनाही माहीत नव्हतं. सत्तर वर्षं त्या बाजारात कापूस विकूनही. विल्यम लॅम्टननं 1802 साली मद्रासजवळ साडेसात मैलांची एक सपाट पट्टी 100 फुटी पोलादी साखळीनं मोजली. साखळीला ऊन लागू नये म्हणून ती लाकडी पेट्यांत ठेवून, वर तंबू धरून. एवढी एकच लांबी इतक्या कष्टानं मोजली, आणि पुढं शेकडो मैल बहुतेक नुसते कोन. एक बाजू आणि दोन कोन कळले की त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू साइननं निघतात. त्या बाजूवर पुढचा त्रिकोण, त्याच्यावर त्याच्या पुढचा. टेकड्यांवरून, देवळांच्या गोपुरांवरून. कोन मोजायचं त्याचं यंत्र अर्ध्या टनाचं होतं. 1808 साली तंजावरच्या देवळावर चढवताना ते आपटलं, आणि त्यानं ते स्वतः दुरुस्त केलं. आमच्या वावरात कोन दगा देतो म्हणून आम्ही लांबीकडं गेलो. त्याच्यापुढं जंगलं आणि नद्या होत्या, त्याला लांबी दगा देत होती म्हणून तो कोनाकडं गेला. हैदराबादहून नागपूरकडं येताना जानेवारी 1823 मध्ये, सत्तरीच्या आसपासचा असताना, तो हिंगणघाटला वारला. काम त्याच्या हाताखालच्या जॉर्ज एव्हरेस्टनं पुढं नेलं, आणि त्याचं नाव डोंगराला लागलं.

बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. काका मात्र लक्ष देऊन ऐकत होते.

"मंग त्यानं सुरुवात मद्रासहून केली," ते म्हणाले.

"हो."

"अन् तोंड कुठं करून?"

मी त्यांच्याकडं पाहिलं. हा प्रश्न वीस वर्षांत मला एकाही विद्यार्थ्यानं विचारला नव्हता.

"ध्रुवाकडं," मी म्हटलं. "रात्री ध्रुवतारा धरून त्यानं पहिली दिशा पक्की केली, काका."

काकांनी मान हलवली. मग पुढच्या सीटवर हात टेकून ते बाबांकडं वळले. "भाऊ, आपल्या पोरायचं बरं होतं. त्याइले कळस दिसला."